संशोधनातील मुक्त सहकार्य आणि नवकल्पनांची देवाणघेवाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील महाविद्यालयांचे शिक्षक, विद्यापीठातील पीएच.डी.चे विद्यार्थी, पाषाण आणि गणेशखिंड परिसरातील प्रयोगशाळांमधील संशोधक आणि भोसरी-चाकणचे लघुउद्योजक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्नांचे उत्तर दोन ओळींत संपते. पेटंट, श्रेय आणि डेटाची मांडणी या तीन बाबतींत मात्र घाईने दिलेले उत्तर नुकसान करते, म्हणून तेथे सविस्तर लिहिले आहे.

मुक्त संशोधन म्हणजे लेख सर्वांना विनामूल्य वाचायला मिळणे, एवढेच ना?

नाही. लेख वाचता येणे ही पहिली पायरी आहे. लेखातील आलेख ज्या नोंदींवरून काढला त्या नोंदी, त्यांवर प्रक्रिया करणारा संगणकीय कोड, वापरलेल्या उपकरणाची जुळणी आणि कामाची पद्धत या गोष्टी हाती आल्याशिवाय दुसऱ्या संशोधकाला ते काम तपासता येत नाही आणि पुढेही नेता येत नाही. आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसाला आपल्याला एकही फोन न करता आपले काम पुन्हा करून पाहता आले पाहिजे, ही कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते. या कसोटीवर आज प्रसिद्ध होणारे बरेचसे ‘मुक्त’ लेख उतरत नाहीत, कारण त्यांत निष्कर्ष खुला असतो आणि निष्कर्षापर्यंतची वाट बंद असते.

ही चळवळ नवी आहे का?

तिचे आजचे रूप इंटरनेटबरोबर आले. भौतिकशास्त्रज्ञांचे हस्तलिखित लेख, म्हणजे नियतकालिकात छापून येण्यापूर्वीचे लेख, सर्वांसाठी ठेवणारे ‘आर्काइव्ह’ हे संकेतस्थळ १९९१ मध्ये सुरू झाले. मानवी जनुकसंच वाचणाऱ्या प्रयोगशाळांनी १९९६ मध्ये बर्म्युडा येथे असे ठरवले की, डीएनएच्या एक हजार अक्षरांहून मोठा जुळवलेला क्रम चोवीस तासांच्या आत सार्वजनिक करायचा. मुक्त प्रवेशाचा, म्हणजे लेख सर्वांना विनामूल्य वाचता यावेत यासाठीचा, बुडापेस्ट जाहीरनामा २००२ सालचा, तर युनेस्कोची मुक्त विज्ञानाविषयीची शिफारस नोव्हेंबर २०२१ मधली आहे. भारतात विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी आपल्या निधीतून झालेल्या संशोधनासाठी मुक्त प्रवेशाचे धोरण डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर केले.

या पद्धतीचे मोल सर्वसामान्य माणसाला कळले ते करोनाच्या साथीत. ११ जानेवारी २०२० रोजी नव्या विषाणूचा जनुकीय क्रम सार्वजनिक झाला आणि बर्लिनमधील प्रयोगशाळेने प्रत्यक्ष विषाणू हाती नसताना केवळ त्या क्रमावरून निदानाची चाचणी काही दिवसांत तयार करून तिची पद्धत सर्वांना दिली. जानेवारीच्या अखेरीस केरळमधील पहिल्या रुग्णाच्या नमुन्याचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाले. ही तयारी इतक्या लवकर होऊ शकली, यामागे अशा मोकळ्या देवाणघेवाणीचा मोठा वाटा आहे.

पुण्यातली उदाहरणे सांगता येतील का?

मी नेहमी पहिले उदाहरण देतो ते प्रयोगशाळेतले नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा वेगवेगळ्या लिप्यांतील बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडले तर वर संपादकांनी स्वीकारलेला श्लोक दिसतो आणि खाली बारीक टाइपात कोणत्या हस्तलिखितात कोणता वेगळा पाठ आहे याची नोंद दिसते. जे पाठ संपादकांनी नाकारले तेही वाचकासमोर ठेवलेले आहेत, त्यामुळे संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला तेथल्या तेथेच पुरावा मिळतो आणि वेगळा निष्कर्ष काढता येतो. आज ज्याला आपण कच्चा डेटा प्रसिद्ध करणे म्हणतो, ते काम या शहरात विधी महाविद्यालय रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले होते.

दुसरे उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचे. तेथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. जगातील कोणत्याही देशाचा खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणासाठी प्रस्ताव पाठवू शकतो; प्रस्तावाचा कस पाहून वेळ दिला जातो. मिळालेला डेटा काही काळ, साधारणपणे अठरा महिने, केवळ प्रस्ताव देणाऱ्या गटाकडे राहतो आणि नंतर संग्रहातून इतरांनाही मिळतो. याचे फळ काय मिळाले ते पाहावे. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे मोठे सर्वेक्षण केले होते. संग्रहातील तीच निरीक्षणे घेऊन परदेशी संस्थांमधील काही संशोधकांनी नव्या पद्धतीने त्यांवर प्रक्रिया केली आणि २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. ही यादी जगभर वापरली जाते आणि प्रत्येक वेळी तिच्याबरोबर पुण्याच्या दुर्बिणीचे नाव जाते. हे काम दुसऱ्यांनी केले, असा विषाद काही जणांच्या बोलण्यात जाणवतो. मला तो पटत नाही, कारण डेटा कपाटात राहिला असता तर ते काम कोणाच्याच हातून झाले नसते.

तिसरे उदाहरण शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचे. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने देशभराच्या दैनंदिन पावसाचा १९०१ पासूनचा डेटा अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींमध्ये मांडून संकेतस्थळावर उपलब्ध केला आहे. मराठवाड्यातील दुष्काळावर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी आणि धरणाच्या पाण्याचा हिशेब करणारा अभियंता हे दोघेही आज त्याच फायली उतरवून घेतात.

डेटा खुला केला आणि दुसऱ्या मोठ्या गटाने त्यावर आधी लेख लिहिला तर?

ही भीती खरी आहे आणि तिला कमी लेखू नये. विशेषतः ज्या विद्यार्थ्याने तीन-चार वर्षे सह्याद्रीत फिरून नोंदी जमवल्या, त्याच्यापाशी त्या नोंदींखेरीज दुसरे भांडवल नसते, आणि पन्नास जणांच्या गटाला तोच डेटा महिनाभरात पिंजून काढता येतो. म्हणून पहिला लेख होईपर्यंत डेटा राखून ठेवण्यात काहीही गैर नाही. जीएमआरटीच्या अठरा महिन्यांमागचा विचार हाच आहे : मेहनत करणाऱ्याला आधी संधी मिळावी, पण ती कायमची मक्तेदारी होऊ नये. बहुतेक डेटा-भांडारांमध्ये फायली आजच जमा करून त्या ठरावीक तारखेला खुल्या होतील अशी सोय असते. ती जरूर वापरावी.

याची दुसरी बाजू अशी की, हस्तलिखित लेख मुक्त संकेतस्थळावर टाकला की त्यावर तारीख उमटते. नियतकालिकाकडे लेख पाठवून सहा-आठ महिने परीक्षकांच्या उत्तराची वाट पाहत बसणाऱ्यापेक्षा ही तारीख मिळवणाऱ्याची बाजू अग्रक्रमाच्या, म्हणजे काम आधी कोणी केले या, वादात अधिक भक्कम असते. गुप्तता राखली म्हणजे श्रेय सुरक्षित राहिले, असे समजणे बरोबर नाही. ज्याचा पुरावा कोणी पाहिलेलाच नाही, त्या कामाचे श्रेय सिद्ध करणे फार अवघड जाते.

आपला डेटा वापरणाऱ्याने त्याचा स्वतंत्र संदर्भ द्यावा यासाठी डेटाला डीओआय हा कायमस्वरूपी क्रमांक घ्यावा आणि आपला ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची ओळख सांगणारा क्रमांक, त्याला जोडावा. केवळ आभारप्रदर्शनात नाव येण्याने बढतीच्या मुलाखतीत काही साधत नाही.

मला पेटंट घ्यायचे आहे. मग मुक्त देवाणघेवाणीचा विचार सोडून द्यावा का?

सोडण्याचे कारण नाही, मात्र क्रम पाळावा लागतो. पेटंटची पहिली अट नावीन्य ही आहे. अर्ज करण्यापूर्वी शोध लेखातून, पोस्टरमधून, प्रबंधातून किंवा एखाद्या चित्रफितीतून जगजाहीर झाला, तर ते नावीन्य सामान्यतः संपते. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी आणि सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी भारतीय कायद्यात बारा महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण तिच्या अटी काटेकोर आहेत आणि अनेक देशांत ती उपयोगी पडत नाही. तिच्या भरवशावर राहू नये.

यासाठी तात्पुरत्या विनिर्देशासह, म्हणजे शोधाच्या प्राथमिक लेखी वर्णनासह, अर्ज करण्याची सोय आहे. असा अर्ज दाखल झाला की त्या दिवसाची अग्रक्रम-तारीख मिळते आणि पूर्ण विनिर्देश सादर करण्यासाठी बारा महिने मिळतात. दुसऱ्या दिवशी परिसंवादात पोस्टर लावले, हस्तलिखित लेख खुला केला, तरी अर्जात जेवढे वर्णन केले आहे तेवढ्या भागाला धोका राहत नाही. ‘जेवढे वर्णन केले आहे तेवढ्या’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण तात्पुरता अर्ज दोन परिच्छेदांत उरकून पोस्टरवर मात्र सगळी रचना मांडणारे बरेच जण भेटतात. प्रबंधाच्या बाबतीतही सावध असावे. मान्य झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात जातात आणि जगात कोठूनही वाचता येतात, तेव्हा पेटंटचा निर्णय प्रबंध सादर करण्याआधी झालेला असावा.

पेटंट म्हणजे गुप्तता नव्हे, हेही सांगायला हवे. सर्वसाधारणपणे अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि त्यातील कृती कोणालाही वाचता येते. भारतीय कायद्याच्या सत्तेचाळिसाव्या कलमानुसार पेटंट असलेली वस्तू किंवा प्रक्रिया प्रयोग, संशोधन आणि अध्यापन यांसाठी वापरण्यास मुभा आहे.

प्रत्येक कल्पनेचे पेटंट घ्यावेच असेही नाही. शिक्षणासाठीचे उपकरण, शेतातील मातीचा ओलावा मोजणारा स्वस्त संवेदक, प्रयोगशाळेत छापता येणारा एखादा सुटा भाग यांसारख्या गोष्टींना पेटंटचा खर्च क्वचितच परवडतो, आणि त्या जितक्या पसरतील तितका त्यांचा उपयोग वाढतो. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली आणि त्यांची कृती सर्वांना विनामूल्य दिली. ती खेळणी जगभरातील शाळांमध्ये पोहोचली, ती त्या कृतींवर कोणताही हक्क राखलेला नव्हता म्हणूनच, असे माझे ठाम मत आहे.

डेटा देताना नेमके काय काय द्यावे?

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, एखाद्या महाविद्यालयाने मुठा आणि मुळा-मुठा नद्यांच्या पाण्याचे नमुने विठ्ठलवाडी, संगम पूल आणि बंडगार्डन येथे घेतले आणि एक्सेलची फाइल खुली केली. फाइलचे नाव ‘अंतिम-नवीन-२’. स्तंभांची नावे ‘एस१, एस२, एस३’. एका स्तंभात ‘डीओ’, दुसऱ्यात ‘बीओडी’ आणि काही चौकटी रिकाम्या. ही फाइल खुली आहे, पण तिचा उपयोग शून्य आहे.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, दिवसभर बदलत असतो. शेवाळ आणि पाणवनस्पती दुपारी ऑक्सिजन सोडतात, तर पहाटे तो सर्वांत कमी असतो. नमुना सकाळी साडेसहाला घेतला की दुपारी तीनला, हे लिहिलेले नसेल तर दोन ठिकाणांची तुलना फसवी ठरते. नमुना काठावरच रसायने घालून स्थिर केला की रिक्षातून प्रयोगशाळेत आणल्यावर, यानेही आकडा बदलतो. बीओडीची, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खर्च होतो याची, चाचणी भारतीय मानकानुसार २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस करतात, तर परदेशी पुस्तकांत ती २० अंशांना पाच दिवसांची असते. कोणती केली हे लिहिणे अत्यावश्यक आहे. त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडले होते का, हीसुद्धा नोंद हवी, कारण विसर्गामुळे प्रदूषण विरळ होते आणि आकडे बदलतात. रिकाम्या चौकटीचा अर्थ नमुना घेतला नाही, चाचणी फसली, की प्रमाण उपकरणाच्या मर्यादेहून कमी होते? तिन्हींना वेगळ्या खुणा द्याव्यात आणि रिकाम्या जागी शून्य तर कधीही भरू नये.

ही सर्व माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये डेटासोबत ठेवावी : ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ, एकक, पद्धत, उपकरण आणि त्याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) केव्हा झाले ती तारीख, खुणांचा अर्थ. आकडे कोणत्याही प्रणालीत उघडतील अशा सीएसव्ही स्वरूपात द्यावेत. कच्च्या नोंदी आणि दुरुस्त केलेल्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात आणि दुरुस्ती काय केली ते सांगावे. यात एखादा दिवस जातो, आणि तो प्रकल्पाच्या सुरुवातीला दिला तर शेवटचा महिना वाचतो.

परवाना कोणता निवडावा?

परवानाच दिला नाही तर लेखन, छायाचित्रे आणि कोड यांच्यावर कॉपीराइट आपोआप लागू राहतो आणि इतरांना ते मोकळेपणाने वापरता येत नाहीत. लेख आणि छायाचित्रांसाठी श्रेय देण्याची अट घालणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ परवाना पुरेसा आहे. डेटासाठी तोच किंवा सर्व हक्क सोडणारा ‘सीसी झीरो’ वापरतात. कोडसाठी क्रिएटिव्ह कॉमन्स वापरू नये. तेथे एमआयटी, अपाचे किंवा जीपीएल यांपैकी एक घ्यावा. बदल करणाऱ्यानेही आपले काम खुले ठेवावे असा आग्रह असेल तर जीपीएल योग्य ठरतो. ‘व्यापारी वापरास मनाई’ ही अट अनेकांना आकर्षक वाटते, परंतु तिच्यामुळे भोसरीतला एखादा छोटा कारखानदारही अडतो, आणि आपले उपकरण त्यानेच तर बनवून विकायला हवे असते.

फायली कोठे ठेवाव्यात?

विषयाचे स्वतंत्र भांडार असेल तर तेथे. जनुकीय क्रमांसाठी, स्फटिकरचनांसाठी, खगोलीय निरीक्षणांसाठी अशी भांडारे आहेत. नसेल तर सर्न ही युरोपातील भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा चालवत असलेले ‘झेनोडो’ सर्व विषयांसाठी विनामूल्य आहे आणि डीओआय देते. विभागाच्या संकेतस्थळावर किंवा स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवलेली फाइल खुली समजू नये, कारण विभागप्रमुख बदलले की ती नाहीशी होते.

रुग्णांची माहिती आणि आदिवासींचे पारंपरिक ज्ञान हेही खुले करायचे का?

सरसकट नाही. रुग्णाने ज्या कारणासाठी संमती दिली त्यापलीकडे त्याची माहिती जाऊ नये, आणि केवळ नाव काढून टाकल्याने ओळख लपत नाही. गावाचे नाव, वय आणि दुर्मीळ आजार एवढे तीन तपशील जुळले की मावळातल्या एखाद्या वाडीतील माणूस सहज ओळखू येतो. संमतीपत्रात डेटा पुढे कोणाला दिला जाईल हे आधीच लिहावे आणि नैतिकता समितीची मान्यता घ्यावी.

पारंपरिक ज्ञानाबाबत हळदीचे प्रकरण सर्वांना ठाऊक असावे. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. सीएसआयआरने जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील छापील पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. लिहून ठेवलेले आणि प्रसिद्ध झालेले ज्ञान दुसऱ्याच्या मक्तेदारीला अटकाव करते, हे यातून दिसते. मात्र जे ज्ञान केवळ एखाद्या समाजाच्या तोंडी आहे, ते त्यांच्या संमतीविना प्रसिद्ध करणे म्हणजे त्यांच्याकडून निर्णयाचा हक्क काढून घेणे होय. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली स्थानिक समित्या आणि लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या आहेत. भीमाशंकरच्या जंगलातील औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्याने पहिली भेट त्या समितीला द्यावी.

‘एक देश, एक वर्गणी’ योजना आली, मग मुक्त प्रकाशनाची गरज उरते का?

उरते. १ जानेवारी २०२५ पासून या योजनेखाली तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना मिळू लागली. तीन वर्षांसाठी तिची तरतूद ६ हजार कोटी रुपयांची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयाला हा मोठा आधार आहे आणि त्याचे मनापासून स्वागत करावे. परंतु योजनेचा हा टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे. पुण्यातील असंख्य खासगी महाविद्यालये, स्वतंत्र दवाखाना चालवणारे डॉक्टर, छोटे उद्योग आणि शेतीतील प्रयोगशील मंडळी त्यात येत नाहीत. शिवाय आपण लिहिलेला लेख परदेशातील गरीब विद्यापीठाला वाचता यावा, हा प्रश्न वर्गणीने सुटत नाही.

मुक्त प्रकाशनासाठी भरमसाट शुल्क द्यावे लागते. ते कोठून आणावे?

बहुतेक वेळा ते देण्याची गरजच नसते. लेखकाने स्वीकृत हस्तलिखित आपल्या संस्थेच्या संग्रहात ठेवावे, यास अनेक प्रकाशक काही मुदतीनंतर परवानगी देतात. करारावर सही करण्यापूर्वी तेवढे कलम वाचावे. शुल्क न घेणारी मुक्त नियतकालिकेही आहेत.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून मात्र दूर राहावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी विद्यापीठांनी शिफारस केलेल्या सुमारे हजार नियतकालिकांची तपासणी करून २०१८ मध्ये दाखवून दिले होते की, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरत नव्हती. त्यानंतर आलेली विश्वसनीय नियतकालिकांची ‘केअर’ यादी आता विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद केली आहे, त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आणि लेखकांवर आली आहे. संपादक मंडळातील व्यक्ती खऱ्या आहेत का, परीक्षणाला किती वेळ लागतो, मागील अंकांतील लेखांचा दर्जा काय आहे, हे पाहिल्याविना लेख पाठवू नये.

कंपनीबरोबर काम करताना खुलेपणा कसा राखावा?

लेखी करार करूनच. आधीपासून कोणाकडे काय होते, नव्याने होणाऱ्या शोधाची मालकी कोणाची, आणि प्रकाशनापूर्वी कंपनीला मसुदा वाचण्यासाठी किती दिवस मिळतील, ही तीन कलमे स्पष्ट असावीत. साठ ते नव्वद दिवसांची मुदत मागणे रास्त आहे. प्रकाशनास कायमची हरकत घेण्याचा हक्क कंपनीला देणारे कलम विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा गळा घोटते. ते स्वीकारू नये.

छोट्या महाविद्यालयात निधी नाही, साधने नाहीत. आम्ही सुरुवात कशी करावी?

एका प्रकल्पापासून करावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दर वर्षीच्या प्रकल्पांतून वेताळ टेकडीवरील पक्षी, पाषाण तलावाचे पाणी, कात्रजच्या घाटातील वनस्पती यांविषयी नोंदी तयार होतात आणि बांधलेल्या प्रतींसह विभागाच्या कपाटात पडून राहतात. त्यांतील एका विषयाची सलग पाच वर्षांची प्रकल्पपुस्तके बाहेर काढावीत आणि मार्गदर्शक शिक्षक व शक्य असेल तेथे माजी विद्यार्थी यांची परवानगी घ्यावी. पद्धतीची नोंद जेथे सापडते तेवढेच आकडे एका कोष्टकात उतरवावेत. जेथे ती सापडत नाही ते आकडे वेगळ्या फाइलमध्ये तशा शेऱ्यासह ठेवावेत. नोंदी करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे, त्यांची संमती असेल तर, निर्मात्यांच्या यादीत घालावीत. वर्णनाची फाइल मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्ही भाषांत लिहावी, म्हणजे नगरसेवकाला आणि टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या नागरिकालाही ती वाचता येईल. मग परवाना निवडून संच भांडारात जमा करावा आणि मिळालेला डीओआय पुढच्या तुकडीच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर द्यावा, म्हणजे ती तुकडी त्याच ठिकाणांवर, त्याच पद्धतीने, सहाव्या वर्षाच्या नोंदी घेऊ शकेल.